अंगावर काढलेले दुखणे : एका निदानाचा इतिहास



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की गड, तह, लढाया आणि राज्यारोहणे यांची अपेक्षा असते. हिंगोलीकरांना तर हा इतिहास घराच्या उंबऱ्याशीच आहे. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी, नामदेवांची नरसी, औंढ्याचा नागनाथ, असे विषय येथे कितीही काळ पुरतील. आज मी जो इतिहास सांगणार आहे त्यात मात्र एकही तलवार नाही. तो आहे स्त्रीपुरुषांच्या जननमार्गात वस्ती करणाऱ्या परोपजीवी जंतूंचा, आणि त्याहून अधिक, ते ओळखण्याच्या विद्येचा. विषयाचे नाव वाचून काही मंडळींनी आज घरीच राहणे पसंत केले असेल. त्यांना मी दोष देत नाही. कारण या रोगांचा इतिहास निम्मा जंतूंचा आहे आणि उरलेला निम्मा याच संकोचाचा आहे.

आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे, ‘दुखणे अंगावर काढणे’. ताप अंगावर काढतात, खोकला अंगावर काढतात. पण सर्वांत जास्त काळ जर कोणते दुखणे अंगावर काढले गेले असेल तर ते ‘पांढरे जाण्याचे’. कोणी त्याला धुपणी म्हणतात, कोणी अंगावरून जाणे म्हणतात, वैद्यांच्या लेखी ते श्वेतप्रदर. बायका ते एकमेकींना विहिरीवर सांगत, घरात सासूला क्वचित सांगत, नवऱ्याला बहुधा नाही, आणि डॉक्टरला तर नाहीच. सांगितले तरी ‘अशक्तपणा आहे’, ‘उष्णता झाली आहे’ असे सांगत. म्हणजे रोगाचे नाव न घेता त्याच्या शेजाऱ्याचे नाव घ्यायचे. येथे एक खुलासा करतो. पाळीच्या चक्राप्रमाणे थोडासा पातळ, वास नसलेला स्राव होणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. त्याला खाज, घाण वास, हिरवट-पिवळा रंग, दह्यासारख्या गुठळ्या किंवा ओटीपोटात दुखणे यांची जोड मिळाली म्हणजे तो रोग.

प्राचीनांनी या विषयाकडे पाठ फिरवली होती असे मात्र नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचे वर्णन आहे. त्यांतल्या ‘अचरणा’ नावाच्या व्याधीचे कारण देताना अस्वच्छतेमुळे जंतू उत्पन्न होतात आणि ते कंडू निर्माण करतात असे स्पष्ट म्हटले आहे. वाग्भटाने शस्त्रकर्माच्या यंत्रांत ‘योनिव्रणेक्षण’ नावाचे, आत पाहण्याचे यंत्र सांगितले आहे. एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना आजचे सारे जंतू ठाऊक होते अशी आरोळी ठोकण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा. भिंगावाचून जे दिसत नाही ते त्यांनी पाहिले नव्हते. पण त्यांनी हे दुखणे ग्रंथात लिहिले आणि पाहण्यासाठी यंत्र सांगितले, हे काही लहान काम नव्हे. पुढे ग्रंथ वैद्यांच्या घरी राहिले आणि दुखणे सुईणीच्या व आजीबाईच्या बटव्याच्या हवाली झाले.

तो न दिसणारा जंतू प्रथम दिसला पॅरिसमध्ये, १८३६ साली. आल्फ्रेड डोने नावाच्या डॉक्टराला सूक्ष्मदर्शकाचा विलक्षण नाद होता. त्या काळी फ्रान्समधले थोर थोर वैद्य सूक्ष्मदर्शकाला खेळणे समजत, पण डोनेने त्याच खेळण्याखाली रक्त, दूध, लाळ, पू, हाती येईल ते पाहण्याचा सपाटा लावला. योनिस्रावाचा ताजा थेंब काचेवर घेऊन पाहताना त्याला त्यात काही जिवंत, चपळ प्राणी दिसले. पेअर फळाच्या आकाराचे, एका टोकाला केसांसारखे तंतू असलेले, झटके देत हलणारे. त्याने ही गोष्ट तेथील विज्ञान अकादमीपुढे मांडली, आणि त्या प्राण्याला पुढे ‘ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस’ हे नाव कायम झाले. मनुष्याच्या शरीरात राहणारा आणि रोग करणारा एकपेशीय प्राणी ओळखल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण. पाश्चरच्या जंतुवादाला अजून वीस-पंचवीस वर्षे अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे डोनेच्या नजरेचे मोल कळते.

आणि मग काय झाले? काहीच झाले नाही! तक्रार नसलेल्या स्त्रियांतही हा प्राणी सापडू लागला, तेव्हा पंडितांनी निकाल दिला की हा निरुपद्रवी भाडेकरू आहे. हा निकाल सुमारे ऐंशी वर्षे टिकला. १९१६ मध्ये होहने या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने याच जंतूमुळे होणारा दाह वेगळा रोग म्हणून मांडला, आणि १९४० मध्ये अमेरिकेत ट्रसेल व प्लास यांनी जंतूची शुद्ध पैदास करून तिच्यामुळे रोग होतो हे प्रयोगाने दाखविले. जंतू दिसल्यापासून तो गुन्हेगार ठरेपर्यंत शंभर वर्षे! रोग पुरुषांना तितकाच त्रासदायक असता, तर हा खटला इतका लांबला असता काय, असा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो. पुरुषाच्या मूत्रमार्गातही हा जंतू राहतो, पण तेथे तो बहुधा गुपचूप राहतो. म्हणून बायकोला औषध आणि नवऱ्याला नाही, असा उपचार झाला की महिन्या-दोन महिन्यांत दुखणे पुन्हा दारात.

औषधाची कथाही सांगण्यासारखी आहे. पूर्वी सोमलाच्या जातीच्या गोळ्या आत ठेवीत, धावणे घेत. गुण येई आणि जाई. जपानमध्ये मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून अ‍ॅझोमायसिन नावाचे द्रव्य निघाले होते. त्याच्या धर्तीवर फ्रान्समधील रोन-पूलेंक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मेट्रोनिडाझोल तयार केले, आणि १९५९ पासून ते या रोगावर वापरात आले. आज आमांशासाठी घरोघरी जी गोळी ठाऊक आहे, तिचा पहिला पराक्रम हा होता. पोटाची गोळी म्हणून तिला मान मिळाला आणि मूळचे काम मागे राहिले. आमांशाचे नाव चारचौघांत घेता येते, याचे हे नाव घेता येत नाही, एवढेच त्याचे कारण.

आता निदान कसे करतात ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण सारे मर्म तेथे आहे. स्रावाचा थेंब काचपट्टीवर घ्यावा, त्यात मिठाच्या सौम्य पाण्याचा थेंब मिसळावा, वर पातळ काच ठेवावी आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा. ट्रायकोमोनास हा प्राणी पांढऱ्या रक्तपेशीएवढा असतो. तो हालत असला तरच तिच्याहून वेगळा ओळखू येतो. थेंब गार झाला, दहा-वीस मिनिटे गेली, की त्याची हालचाल मंदावते आणि मग पाहणाऱ्याला रक्तपेशींच्या गर्दीत तो हरवतो. कोरडा झाला तर मरतोच, कारण त्याला आमांशाच्या जंतूसारखे कवच नाही. दुसऱ्या काचेवर पोटॅशचा थेंब टाकावा. मासळीसारखा वास उठला तर तो बहुधा जंतूंचा समतोल बिघडल्याचा. आणि बाकीच्या पेशी विरघळून धाग्यासारख्या फांद्या दिसल्या तर ती कॅन्डिडा नावाची बुरशी. आम्लता पाहण्याचा कागद लावावा. निरोगी योनीत आम्लता चांगली असते, तेथल्या ज्या हितकारी जंतूंमुळे ती राहते ते १८९२ मध्ये डोडरलाइन या जर्मन वैद्याने वर्णिले. आकडा साडेचारच्या वर गेला की संशय घ्यावा. इतके करायला पाच-दहा मिनिटे लागतात आणि खर्च जवळजवळ नाही.

तीनही दुखण्यांत ‘पांढरे जाणे’ एकच. औषधे मात्र भिन्न. ट्रायकोमोनास हा प्राणी, कॅन्डिडा ही बुरशी आणि तिसरे म्हणजे जीवाणूंचा बिघाड. बुरशीवर मेट्रोनिडाझोल दिले तर बुरशी हसते. काचेखाली पाहिल्याने सर्व रोगी सापडतात असे नाही. अंदाजे निम्म्या-दोनतृतीयांशच सापडतात. म्हणून १९५७ मध्ये डायमंड यांनी जंतू वाढविण्याचे खास माध्यम काढले, आणि आता जंतूच्या जनुकद्रव्याची चाचणी आली आहे, ती फारच कमी रोगी निसटू देते. तरीही ज्या गावी काहीच नाही, तेथे काच आणि भिंग हे काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ.

पण थेंब काचेवर येण्यासाठी आधी तपासणी व्हावी लागते, आणि आपल्या देशात तपासणीचा इतिहास फार कडू आहे. इंग्रजी अमलात छावण्यांतील गोऱ्या शिपायांना परमा आणि गरमी यांनी ग्रासले, तेव्हा सरकारने शिपायांना सोडून बाजारातल्या बायकांना धरले. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली; रोगी ठरलेल्या बाईला ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या, नावाप्रमाणेच कुलुपबंद इस्पितळात ठेवीत. पुरुषाची तपासणी नाही. इंग्लंडात जोसेफाइन बटलर यांनी मोठे आंदोलन केले. तेथील कायदा १८८६ मध्ये आणि येथला १८८८ मध्ये रद्द झाला. पण ज्या यंत्राने रोग ओळखायचा ते यंत्र पोलिसाच्या हातातल्या दांडक्याच्या जातीचे आहे, अशी समजूत मागे राहिली. कुलीन घरच्या बायकांना तपासणी म्हणजे अब्रूचा पंचनामा वाटू लागला, यात नवल नाही.

याच दशकात दुसरा प्रवाह सुरू झाला. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेत वैद्यक शिकायला का जातो हे जाहीर सभेत सांगितले. या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांच्या बोलण्याचे सार. स्त्रिया पुरुष वैद्याला दुखणे सांगत नाहीत आणि न सांगितलेल्या दुखण्याने मरतात, हे त्यांनी पाहिले होते. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रीकक्षाची जागा त्यांची वाट पाहत राहिली. मुंबईत एडिथ पीची १८८३ च्या अखेरीस आल्या आणि १८८६ मध्ये कामा इस्पितळ उघडले. तेथे स्त्रियांना तपासणाऱ्या स्त्रियाच होत्या. पुढे लग्नाच्या खटल्याने गाजलेल्या रखमाबाई १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेस व राजकोटास त्यांनी आयुष्य घालविले. आपण त्यांचा खटला लक्षात ठेवला आणि दवाखाना विसरलो.

बोलण्याचे धैर्य मात्र पुरुषांतही थोड्यांनाच होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. गुप्तरोग हे पाप नसून रोग आहेत, एवढेच ते सांगत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले.

पुरुषांच्या वाट्याचेही थोडे सांगायला हवे, नाही तर हा बायकांचाच विषय अशी समजूत होईल. हत्तीरोग म्हटला की सुजलेला पाय आठवतो. परंतु त्या कृमीचे पुरुषांतले फार मोठे लक्षण म्हणजे अंडवृद्धी. किंबहुना या कृमीची पिले प्रथम सापडली तीच १८६३ मध्ये पॅरिसमध्ये, दमार्के या शल्यवैद्याला, अंडवृद्धीच्या पाण्यात. लुइस यांना ती १८७२ मध्ये कलकत्त्यास रक्तात दिसली, आणि मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमध्ये ती डासाच्या पोटात वाढताना पाहिली. पिले रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून रक्त रात्री घ्यावे लागते. पूर्व विदर्भ या रोगाचे माहेर, आणि आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याचे नावही त्या यादीत आहे. धोतराच्या आड दुखणे दडविणारे पुरुष पदराआड दडविणाऱ्या बायकांहून फारसे निराळे नाहीत.

कोकणातली एक हकिकत याहून चमत्कारिक आहे. लघवीतून रक्त जाणे हा बिल्हार्झिया नावाच्या कृमीचा रोग. तो इजिप्त आणि आफ्रिकेचा. नेपोलियनच्या सैनिकांना इजिप्तमध्ये तो झाला तेव्हा तेथे पुरुषांनाही विटाळ येतो अशी थट्टा होत असे. १८५१ मध्ये कैरोत बिल्हार्झ यांनी कृमी शोधला. हा रोग हिंदुस्थानात रुजत नाही असे पुस्तके सांगत होती. पण १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात तो येथल्या येथे पसरत असल्याचे दाखवून दिले. नदीच्या डोहात पोहणारी मुले, तेथली चिमुकली गोगलगाय आणि लघवीच्या थेंबात एका टोकाला काटा असलेले अंडे, अशी ती साखळी. हीच अंडी स्त्रियांच्या गर्भाशयमुखात आणि योनीत रुततात. आफ्रिकेत अशा स्त्रियांची संख्या सुमारे ५ कोटी ६० लाख मानतात, आणि वाईट चालीचा रोग म्हणून त्यांना हिणविले जाते. पोहण्याने झालेल्या रोगाला चारित्र्याचा दाखला जोडला जातो! चुकीच्या निदानाने केवळ औषध चुकत नाही.

आता गडचिरोलीकडे येऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था काढून काम सुरू केले. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे बायका बोलू लागल्या, आणि जे ऐकू आले ते कोणत्याही सरकारी अहवालात नव्हते. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब होता. मूल होत नसेल किंवा होऊ द्यायचे नसेल, तेव्हाच तिचे शरीर सरकारच्या खातेवहीत येई. बंग दांपत्याने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, तपासणी केली; प्रयोगशाळेचीही जोड दिली. १४ जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’ या लंडनच्या साप्ताहिकात निष्कर्ष छापून आले. शंभरांतल्या ९२ स्त्रियांना जननमार्गाचा कोणता ना कोणता विकार होता. एकेकीला सरासरी ३.६ विकार, त्यांतला निम्मा भार जंतुसंसर्गाचा. आणि यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात फक्त ८.

९२ आणि ८, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. त्यांच्यामधल्या दरीत चरकापासून डोनेपर्यंतचे सारे ज्ञान पडून होते. आणखी एक आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. त्या स्त्रियांपैकी ४५ टक्क्यांनी आपल्याला काही तक्रार नाही असे सांगितले होते. काहींना खरोखरच जाणवत नसेल. पण जन्मभर सोबत असलेले दुखणे हे दुखणे वाटेनासे होते, हेही खरे. या अभ्यासावर टीका करता येते. गर्भाशयमुखावरचा लालसरपणा त्यात विकारांत मोजला आहे, आणि आज त्यातला पुष्कळसा भाग निसर्गक्रम मानतात. ९२ चा आकडा थोडा खाली आणा हवा तर. ८ चा आकडा त्यामुळे वर जात नाही.

त्या लेखाने जगभर खळबळ उडाली. १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेने प्रजनन आरोग्याचा जो व्यापक विचार मान्य केला, त्यामागे अशा पुराव्याचे बळ होते. आपल्याकडे १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पण सर्वत्र प्रयोगशाळा नाही, म्हणून लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आली. रंगीत पाकिटे ठरली. योनिस्रावासाठी हिरव्या रंगाचे दुसऱ्या क्रमांकाचे पाकीट, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, म्हणजे प्राणी आणि बुरशी दोघांवर एकदम गोळीबार. ही सोय वाईट नाही; बाई रिकाम्या हाताने परत जात नाही. मात्र ज्या आरोग्यकेंद्रात हिवतापाच्या रक्तासाठी आणि क्षयाच्या थुंकीसाठी सूक्ष्मदर्शक आहे आणि तो चालविणारा माणूसही आहे, तेथे तरी हा थेंब त्याखाली का जाऊ नये, हे मला उमगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात ट्रायकोमोनासची १५ कोटी ६० लाख नवी लागण झाली. पोटातल्या बाळाचा अकाली जन्म आणि एड्सच्या विषाणूचा सोपा प्रवेश, ही दोन्ही संकटे या ‘निरुपद्रवी भाडेकरू’शी जोडली गेली आहेत.

निदान न झाल्याने काय होते, हे पाहायला मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची कथा २०१९ मध्ये देशभर गेली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यांत कितीतरी तरुण. फडावर न्हाणीघर नाही, शौचकूप नाही, पाण्याचा हंडा दुरून आणायचा, खाडा पडला तर मुकादम मजुरी कापणार. पांढरे जाते, ओटीपोट दुखते, म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ या एका वाक्याने शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचते. उचल घेऊन बिल भागवायचे आणि पुढल्या हंगामात ते फेडायचे. या सगळ्याच जणींना जंतुसंसर्ग होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्या तक्रारी घेऊन त्या आल्या, त्यांतल्या पुष्कळ तक्रारींचे कारण काचपट्टीवर दिसण्याजोगे असते आणि चार-आठ दिवसांच्या गोळ्यांनी बरे होण्याजोगे असते. पिशवी गेली तरी योनीतला जंतू तेथेच राहतो, हे त्यांना कोणी सांगितले असेल काय? कोवळ्या वयात पिशवीबरोबर बीजांडेही गेली तर हाडे ठिसूळ होतात, घाम फुटतो, झोप जाते. आणि कोयता तर चालवायचाच असतो.

बीडमध्ये त्यानंतर अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा दंडक घालण्यात आला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्याची मार्गदर्शक सूत्रे काढली, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा आदेश दिला. न्यायालयापुढे गेलेल्या त्या अर्जात बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या बायका होत्या. भाषा निराळी; तक्रारी त्याच.